कादंबरीची चतुःसीमा

आमच्या चिंचखोरीच्या सार्वजनिक वाचनालयात पुस्तकं चारशे बारा आणि वाचक चार. नोंदवहीत मात्र रोजचे सरासरी वाचक अडतीस लागत, कारण त्याहून कमी दाखवले तर अनुदानाचा 'ड' वर्ग जातो, आणि 'ड'च्या खाली वर्गच नाही. म्हणून धोंडप्पा सकाळी कुलूप काढलं की आधी अडतीस वाचक लिहून टाकायचा आणि मग खऱ्या चौघांची वाट बघत बसायचा. चौघांतला एक तो स्वतः. दुसरे एक निवृत्त पोस्टमन, ते झोपायला येत. तिसरा राशिभविष्यापुरता. चौथा मी, आणि मी तरी कुठं वाचत होतो? मी सोसायटीचा गटसचिव. वाचनालय सोसायटीच्या गोदामाच्या पुढच्या खोलीत, माझं टेबल शेजारी, मध्ये पत्र्याचं पार्टिशन. त्यामुळं पुढं जे घडलं ते मी पाहिलं कमी आणि ऐकलं जास्त.

धोंडप्पाचं किराणा दुकान होतं. वाचनालय तो बावीस वर्षं बिनपगारी चालवत होता आणि चारशे बाराच्या चारशे बारा पुस्तकं वाचलेला गावातला तो एकटाच माणूस. गावानं त्याला त्याबद्दल कधी माफ केलं नाही.

शहाऐंशीचा उन्हाळा. पालीच्या तलावाचा तळ दिसायला लागला, नेकनूरच्या रस्त्यानं टँकर सुरू झाले, आणि आमच्या सोसायटीला चारा डेपो मंजूर झाला. चेअरमन मोहनराव गोदाम बघायला आले. मागचे दोन खण त्यांनी पाहिले नाहीत, कारण तिथं त्यांच्या जीपचे जुने टायर आणि मुलीच्या लग्नातले मांडवाचे वासे होते. ते सरळ वाचनालयाच्या दारात उभे राहिले.

"अप्पा, जनावरं मरायलीत आन् तू पुस्तकं मांडून बसलास. ही खोली चाऱ्याला लागती. पुढच्या सर्वसाधारण सभेत ठराव घेतो."

"मागं दोन खण रिकामेच हायत, चेअरमनसाहेब."

"तितं सोसायटीचं सामान हाय."

मोहनराव गेल्यावर धोंडप्पा पार्टिशनच्या अलीकडं आला. "सचिवसाहेब, दुकानात पुस्तकं ठेवता येत न्हाईत. गुळाला मुंगी लागती, पुस्तकाला वाळवी. खोली गेली की वाचनालय गेलं म्हणून समजा."

मी म्हणालो, "सभेला अजून दोन महिने हायत."

एवढंच बोलणं माझ्या हातात होतं.

टँकरची वेळ दहाची, म्हणजे तो दहा ते दोनच्या मध्ये कधीही यायचा. लोक घागरी, डबे, हंडे रांगेला लावून वाचनालयाच्या सावलीला येऊन बसत. त्या रांगेतून एके दिवशी राधाकिशन आत आला. हा आमचा एक संचालक. तीस वर्षं बीडला नोंदणी कचेरीबाहेरच्या लिंबाखाली बसून खरेदीखतं लिहिलेला माणूस. वर्तमानपत्र पोस्टमनच्या तोंडावर होतं, म्हणून त्यानं हाताला लागलं ते पुस्तक ओढलं. ते निघालं 'कोरडा पाट'.

'कोरडा पाट' ही येळंबकर मास्तरांची कादंबरी. लढाईच्या काळात, निजामाचं राज्य असताना, मास्तर तीन वर्षं आमच्या गावच्या शाळेवर होते. पुढं बदली झाली, मग त्यांनी कादंबरी लिहिली. ती एक्कावन्न साली छापून आली, कॉलेजात लागली, तिच्यावर दोघं-तिघं डॉक्टर झाले. मराठवाड्यातली अभिजात कादंबरी म्हणून तिचं नाव आमच्या पोरासोरांना पाठ. गावाला तिचा इतका अभिमान, की ती वाचायची गरज कुणाला पडली नव्हती. आमच्या प्रतीवर पस्तीस वर्षांत नऊ सह्या झालेल्या. त्यातल्या सहा धोंडप्पाच्या.

राधाकिशननं पुस्तक मधूनच उघडलं. नववं प्रकरण. कादंबरीतला कारभारी दाजीबा संध्याकाळी विहिरीच्या काठावर उभा आहे. मास्तरांनी लिहिलंय, उगवतीला पांदणीची धूळ सोनेरी झाली होती. मावळतीला ओढ्यात शेवटचं पाणी चमकत होतं. दक्षिणेला खंडोबाच्या माळावरून मेंढरं परतत होती. उत्तरेला जोशांच्या चिंचेवर बगळे उतरत होते. दाजीबानं पायानं माती दाबून पाहिली. खाली पोकळ होतं.

कॉलेजातल्या पोरांना या उताऱ्यातलं निसर्गवर्णन विचारतात. राधाकिशननं खिशातून पेन्सिल काढली आणि सोनेरी धूळ खोडली. मग चमकणारं पाणी खोडलं. मेंढरं खोडली, बगळे खोडले. राहिलं ते असं: पूर्वेस पांदण, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस खंडोबाचा माळ, उत्तरेस जोशांची चिंच.

त्यानं पुस्तक धोंडप्पापुढं सरकवलं. मग म्हणाला, "अप्पा, ही चतुःसीमा हाय."

"कशाची?"

"गट नंबर एकशे चौदा. चेअरमनसाहेबांचं विहिरीचं रान. त्यांच्या वाटणीपत्रावर मीच लिवली व्हती. शब्दाला शब्द."

"राधाकिशनराव, मास्तर इथं राहिलेले. त्यांनी आपलं रान बघून लिवलं आसंल."

"बघून लिवलं तर मेंढरं लिवून थांबला आसता. चारी बाजू कावून दिल्या? चारी बाजू माणूस कधी देतो? जागा दुसऱ्याला दावायची आसंल तवा देतो."

आमच्याकडं माणूस कागद हातात घेतो तो सातबाऱ्याच्या सवयीनं. आत काय म्हटलंय त्याच्या आधी कुणाचं काय कुठवर आहे ते बघतो. दुसऱ्या दिवशी टँकरच्या रांगेत प्रत्येकाला कळलं होतं की मास्तरांच्या कादंबरीत लढाईच्या वेळचं काहीतरी पुरून ठेवलेलं आहे.

काय पुरलंय यावर मात्र पंधरा दिवस गेले. पहिला पक्ष जर्मन विमानाचा: विमान बालाघाटात कोसळलं आणि इंजिन आपल्या रानात गाडलं. दुसरा पक्ष निजामाच्या पेट्रोलचा. नायिकेकडं अकरा मेंढरं आहेत, तर ती मेंढरं नसून अकरा लॉऱ्या आहेत, असं त्या पक्षानं सिद्ध केलं. एकानं विचारलं, मग सातव्या प्रकरणात त्यातलं एक मेंढरू लांडगा नेतो ते काय? त्यावर उत्तर आलं, "एक लॉरी घाटात गेली."

धोंडप्पानं एकदाच तोंड घातलं. "लढाई संपली पंचेचाळीसला. पुस्तक छापलं एक्कावनला. मग लपवायचं कशाला?"

"म्हंजे सहा वरसं दाबून ठिवलं," राधाकिशन म्हणाला. "आता तूच हिशोब कर बे, केवढं मोठं आसंल."

यात धोंडप्पाचा एक फायदा झाला, आणि तो मला त्याच्याआधी कळला. वाचनालयात माणसं यायला लागली. सगळी नववं प्रकरण वाचायची. पुस्तक टेबलावर टाकलं की आपोआप तिथंच उघडायचं. नायिकेचं लग्न कुणाशी होतं हे एकालाही ठाऊक नव्हतं.

मोहनरावांनी आधी हसून सोडलं. पण आपल्याच रानात काय आहे हे दुसऱ्यानं सांगावं, हे त्यांना सोसेना. एका सकाळी त्यांनी रोजगार हमीच्या नालाबांधावरची आठ माणसं विहिरीजवळ लावली. तिसऱ्या दिवशी, दुपारी, पहारीखाली पोकळ वाजलं. फरशी निघाली. फरशीखाली धान्याचं पेव. जुन्या पद्धतीचं, मुरमात कोरलेलं, गळ्याशी अरुंद आणि पोटात दोन माणसं उभी राहतील एवढं. आत ना विमान ना पेट्रोल. भिंतीला चिकटलेला काळा पडलेला कडबा, बस. रिकामं.

दुसरा कुणी असता तर ओशाळला असता. मोहनरावांनी पेवाच्या तोंडाशी उभं राहून डोक्यावरची टोपी सारखी केली आणि म्हणाले, "आबांनी गावाला जगवलं."

आबा म्हणजे त्यांचे वडील, कैलासवासी रंगनाथराव. लढाईच्या काळात निजाम सरकारची लेव्ही असायची. घरात किती ज्वारी ठेवायची ते सरकार ठरवायचं आणि बाकीची उचलून न्यायचं. लोक पेवात धान्य लपवत. मोहनरावांचं म्हणणं पडलं, की आबांनी हे पेव सरकारपासून लपवलं, अडीअडचणीला गावात वाटलं, आणि ही सगळी गुप्त कामगिरी मास्तरांनी दाजीबा या नावानं लिहून ठेवली. पेव रिकामं होतं हाच वाटल्याचा पुरावा. भरलेलं निघालं असतं तर आबांची बदनामी झाली असती.

पुढचा महिना चेअरमनसाहेबांनी दाजीबा म्हणजे आपले आबाच, हे सिद्ध करण्यात घालवला. स्वतः नववं प्रकरण वाचलं, म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारलं, आणि बीडहून चक्रमुद्रित करून एक पत्रक आणलं: 'दाजीबा म्हणजेच कै. रंगनाथराव: सोळा पुरावे.' पांढरी घोडी. बोलण्याआधी तीनदा खाकरणं. डाव्या कानाची पाळी मोठी. अकरावा पुरावा, पितळी मुठीची काठी, ती अजून त्यांच्या देवळीत होती.

आणि मग ते माझ्या टेबलाशी आले. "सचिव, त्यो खोलीचा ठराव बदला. वाचनालय हाय तितंच, कायमचं. नाव द्यायचं, कै. रंगनाथराव सार्वजनिक वाचनालय. सभेत अप्पा नववं प्रकरण वाचंल, मग ठराव."

"आन् चारा?"

"मागचे दोन खण मोकळे करून घेऊ. तितं काय हाय तरी काय?"

मी ही बातमी धोंडप्पाला सांगितली तेव्हा तो गुळाची ढेप फोडत होता. त्याला आनंद व्हायला हवा होता. त्यानं हातोडी खाली ठेवली.

"सचिवसाहेब, तुमी चौदावं प्रकरण वाचलंय का?"

"न्हाई."

"मग आता वाचू नका."

"कावून?"

"तुमाला माहीत न्हाई आसं तुमाला सांगता आलं पायजे."

इथं आमच्या सोसायटीची एक पद्धत सांगायला हवी. सभेचं इतिवृत्त आम्ही सभेच्या आदल्या दिवशी लिहितो. सभा झाल्यावर लोक जेवायला पळतात, सह्यांना कुणी सापडत नाही. म्हणून सूचक, अनुमोदक, 'सखोल चर्चेअंती सर्वानुमते मंजूर' हे सगळं आधीच लिहून अकराही संचालकांच्या सह्या घेऊन ठेवायच्या. पुस्तकाची पानं क्रमांक घातलेली, वरच्या कचेरीच्या शिक्क्याची. पान फाडता येत नाही, खाडाखोड चालत नाही. तेवीस वर्षांत एकही सभा माझ्या इतिवृत्ताबाहेर गेलेली नव्हती. ठराव क्रमांक सहा मी चांगल्या अक्षरात लिहिला, सह्या घेतल्या. मोहनरावांना घाई, म्हणून सभेच्या दिवशी सकाळीच उताऱ्याच्या दोन प्रती एस.टी.च्या कंडक्टरजवळ देऊन बीडला रवाना केल्या. एक कचेरीला, एक वर्तमानपत्राला.

सभा शाळेच्या पटांगणात, पत्र्याच्या मांडवात. प्रत्येकाच्या मांडीवर सोळा पुरावे. पुढं बायकांत बायनाबाई बसलेली. साठीकडं झुकलेली, मोलमजुरी करून राहिलेली बाई. तिचे वडील ग्यानबा लढाईच्या काळात रातोरात गाव सोडून गेले होते. गावात चाळीस वर्षं एकच गोष्ट सांगितली जायची, ग्यानबानं स्वतःची ज्वारी काळ्या बाजारात विकली आणि तोंड लपवून पळाला. बायनाबाईला लिहिता-वाचता येत नव्हतं. ती सभेला आली होती कारण सभेनंतर टँकर पटांगणातच येणार होता.

धोंडप्पानं नववं प्रकरण वाचलं. तो चांगला वाचायचा. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मोहनरावांनी डोळे पुसले. इथं ठराव घ्यायचा आणि उठायचं. पण टाळ्या जरा जास्त वेळ वाजल्या. माणसाचं नुकसान होतं ते तिथंच.

"अप्पा," मोहनराव म्हणाले, "दाजीबाचं जितं जितं नाव हाय तेवढं समदं वाच. गावाला कळू दे."

"समदं?"

"समदं. टँकरला अजून तासभर हाय."

धोंडप्पानं माझ्याकडं पाहिलं. मी इतिवृत्ताच्या पुस्तकाकडं पाहिलं. त्याला बारा वाचून चौदा गाळता आलं असतं. कुणाच्या बापाला कळलं नसतं. खोली त्याच्या खिशात होती. त्यानं चष्मा पुसला, दहावं वाचलं, बारावं वाचलं, मग पानं उलटताना थोडा थांबला, आणि चौदावं काढलं.

चौदाव्या प्रकरणात लेव्हीचा गिरदावर, म्हणजे महसूल तपासनीस, शिपाई घेऊन गावात येतो. "गिरदावर विचारत होता आणि दाजीबा पितळी मुठीची काठी टेकवून दाखवत होता. इथं. इथं. आणि त्या गव्हाणीखाली. सहा पेवं उघडली. विहिरीजवळचं सातवं दाजीबानं दाखवलं नाही आणि गिरदावरानं विचारलं नाही." गव्हाणीखालचं पेव ज्याचं, त्याला चावडीपुढं मारतात. तो त्याच रात्री गाव सोडतो. दुसऱ्या दिवशी दाजीबा चावडीत तीनदा खाकरतो आणि सांगतो, की त्यानं ज्वारी आधीच काळ्या बाजारात विकली होती.

बायनाबाई म्हणाली, "गव्हाणीखाली?"

"हां, मावशी."

"परत वाचा."

धोंडप्पानं तेवढं परत वाचलं.

"ती आमची गव्हान," बायनाबाई म्हणाली. "माय त्याच्यावर वाकळ टाकून निजायची. कुणाला ठाव नव्हतं म्हनून."

मागून कुणीतरी अगदी शांतपणे विचारलं, "चेअरमनसाहेब, काठीचा पुरावा अकरावाच न्हवं?" आणि मांडवभर सायक्लोस्टाइल कागद उलटल्याचा आवाज झाला.

राधाकिशन उठला. संकटात धावून जाण्याचा त्याचा स्वभाव. "मंडळी, घाबरू नका. हे उलटं लिवलंय. लढाईचा काळ, खरं लिवायला बंदी. म्हनून जे चांगलं केलं ते वाईट करून लिवलं. येला सांकेतिक लिवनं म्हनतात."

"आसं व्हय," बायनाबाई म्हणाली. "मंग विहिरीपाशी पेव हाय म्हनून लिवलं ते बी उलटंच लिवलं आसंल. ते तर सापडलं, दादा."

राधाकिशन उभा होता तसाच खाली बसला. मोहनराव म्हणाले, "सभा संपली."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला ते माझ्या टेबलासमोर. "ठराव सहा खोडा."

"खोडता येत न्हाई. पानं शिक्क्याची हायत."

"सभेत ठराव झालाच न्हाई."

"पुस्तकात झालाय. सूचक तुमी, अनुमोदक राधाकिशनराव. सखोल चर्चेअंती."

"उतारा परत मागवा."

"तुमीच कालच्या गाडीनं लावला. एकच रस्ता हाय, चेअरमनसाहेब. चौदा दिवसांची नोटीस काढून खास सभा घ्यायची आन् ठराव रद्द करायचा. नोटिशीत कारण लिवावं लागतं." मी कागद ओढला. "काय लिवू?"

त्यांनी तीनदा खाकरलं. मग खाकरल्याचं स्वतःच ऐकलं आणि पाठ फिरवली.

नोटीस निघाली नाही. पण गोदामाच्या किल्ल्या चेअरमनकडं असतात. त्यांनी वाचनालयाच्या दाराला दुसरं कुलूप घातलं आणि 'कोरडा पाट'ची प्रत मागितली. धोंडप्पानं आधी त्यांना सभासद करून घेतलं, क्रमांक तेवीस, मग देवघेवीच्या वहीत सही घेतली, मग पुस्तक दिलं.

त्यानंतर धोंडप्पा पायरीवर बसायला लागला, मांडीवर नोंदवही. दारं बंद, पुस्तकं आत, अभिजात कादंबरी चेअरमनच्या घरी, आणि लोक मात्र येतच होते. ज्यांची काही कारणानं सभा चुकली होती ते चौदावं ऐकायला येत. धोंडप्पा ते तोंडी सांगायचा. ज्यांची चुकली नव्हती तेही येत. एका दिवशी त्यानं वाचक लिहिले एक्केचाळीस. माझी सवय म्हणून मी मोजले. एक्केचाळीसच होते.

"अप्पा, आता तरी जरा कमी दाखव," मी म्हणालो. "वरून आलेल्या साहेबाला खरं वाटायचं न्हाई."

"साहेब येईल तवा येईल. खोली उघडंल का ते सांगा."

"ठराव तुझ्या बाजूनं हाय."

"ठराव हाय, दार न्हाई," तो म्हणाला. "पाऊस पडला तर ह्या पत्र्यातून गळतंय. दोन बादल्या ठेवायच्या आसत्यात आत. आता कोण ठेवणार?"

पाऊस यावा म्हणून सगळं गाव आभाळाकडं बघत होतं. नको म्हणून बघणारा हा एकटाच.

अकराव्या दिवशी मोहनराव आले. हातात पुस्तक, डोळे रात्रभर वाचल्यासारखे. टँकरच्या रांगेतली पस्तीस-चाळीस माणसं सावलीला होती. बायनाबाईही होती.

"तुमी लोक चौदाव्यावरच थांबलात," ते म्हणाले. "मी शेवटपोतर वाचलं. अप्पा, शेवटचं प्रकरण वाच. समद्यांसमोर. मंग कुलूप काढतो."

धोंडप्पानं पुस्तक घेतलं. शेवटच्या प्रकरणात दाजीबा म्हातारा झालाय. दुष्काळ पडलाय. एका पहाटे तो स्वतः सातवं पेव उघडतो, मापानं गावाला ज्वारी वाटतो, आणि त्या गव्हाणीवाल्याच्या दारात जाऊन पितळी मुठीची काठी उंबऱ्यावर ठेवून डोकं टेकतो. सुंदर लिहिलंय मास्तरांनी. दोघीतिघींनी पदर डोळ्याला लावला. मोहनराव भिंतीला टेकून उभे होते आणि त्यांच्या तोंडाकडं बघवत नव्हतं, इतकी त्यात आशा होती.

सगळे बायनाबाईकडं बघायला लागले.

"लई ग्वाड लिवलंय," ती म्हणाली. "पर हे मास्तरनं मनानं घातलंय."

"कावून?" मोहनराव म्हणाले. "चौदावं खरं आन् हे मनानं, आसं कसं, मावशी? पुस्तक तर एकच हाय."

"बाप गेल्यावर आमी दोगी मायलेकी त्याच दारात बसून ऱ्हायलो, तुमचे आबा जाईपोतर. काठी ठिवली आसती तर मला दिसली आसती की. उंबरा आमचाच व्हता."

राधाकिशननं तोंड उघडलं. "आता बघा, काठी म्हंजे—"

"गप बे," मोहनराव म्हणाले.

त्यांनी खिशातून किल्ली काढली. शब्द दिला होता, आणि तो चाळीस माणसांदेखत दिला होता. कुलूप निघालं. दार उघडल्यावर ते आत गेले नाहीत, निघूनही गेले नाहीत. दोन पावलं बाजूला होऊन उभे राहिले. धोंडप्पा लगबगीनं आत गेला आणि आधी पत्र्याकडं बघून आला.

"पाटीचं काय करायचं?" मी हळूच विचारलं. पेंटरनं रंगनाथरावांच्या नावाची पाटी आठवड्यापूर्वीच तयार करून ठेवली होती, सात फुटांची, पिवळ्यावर लाल.

"ठरावात हाय तशी लावा. न्हाई लावली तर लोक ईचारतील." त्यांनी धोंडप्पाकडं पाहिलं. "खोली पाटीसकट हाय, अप्पा. पाटी उतरली की खोली बी."

धोंडप्पानं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मलाही कळलं नाही. पण दुसऱ्या दिवशी शिडी धरायला तोच होता.

आता वाचनालयाला रोज खरेच अडतीसच्या आसपास वाचक असतात, आणि मागच्या दोन खणांत चारा आहे. बायनाबाई गुरुवारी येते. ती वर्गणीदार नाही. चौदावं प्रकरण ऐकते, कधी अर्धं, कधी पूर्ण, आणि जाते. त्या पहिल्या गुरुवारी ती दाराशी थांबली, कपाळावर हात धरून वर पाहिलं.

"अप्पा, काय लिवलंय वर?"

ज्या माणसानं सबंध गावापुढं एक ओळ गाळली नव्हती, तो पाटीकडं बघत उभा राहिला. पार्टिशनच्या अलीकडं माझाही टाक थांबला.

"सार्वजनिक वाचनालय," धोंडप्पा म्हणाला.

"दोन शब्दांला येवढी लांब पाटी," असं म्हणत बायनाबाई चपला काढून आत गेली.